भाजीचा भाव आणि चौदा हजारांची ओळ

पत्र:

"आम्ही डिसेंबरात पुण्याहून जळगावला आलो. यांच्या कंपनीने इथला प्लांट सांभाळायला पाठवलं. शहर भत्ता गेला, हातात येणारा पगार 78 हजारांवरून 70 हजार झाला. 'जळगाव स्वस्त आहे, उलट पैसे उरतील' असं सगळे म्हणाले. घरभाडं खरंच 22 हजारांवरून साडेनऊ हजारांवर आलं. (चौथा मजला, वर थेट गच्ची, म्हणून मालकांनी हजार रुपये कमी केले.) पण महिन्याचा एकूण खर्च 64 हजारांवरून साडेसत्तावन्न हजारांपर्यंतच उतरला. किराणा-भाजीला तिथे साडेचौदा हजार लागायचे, इथेही तेवढेच लागतात. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात हे कसं? हे म्हणतात, 'तुला जळगावातही पुण्यासारखंच राहायचंय.' मी पुण्यात एका बालवाडीत शिकवत होते, महिना 14 हजार मिळायचे. ते सुटलं, तो भाग वेगळा. दोन्ही गावांच्या खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. माझं कुठे चुकतंय? आणि उन्हाळ्यासाठी एसी घ्यावा का?"
– एक वाचक, महाबळ, जळगाव

उत्तर:

ताई, तुमच्या तक्त्याची बेरीज अगदी बरोबर आहे. इतका नीट तक्ता बघून तुम्हाला उधळी म्हणायची माझी तरी हिंमत होणार नाही. भाड्यात साडेबारा हजार वाचले, मुलीच्या शाळेच्या फीमध्ये दीड हजार आणि कामवाल्या मावशींच्या पगारात एक हजार. असे पंधरा हजार खाली आले. मग वर काय चढलं? स्कूटीचा हप्ता 2,800 आणि तिचं पेट्रोल हजार, पुण्याच्या फेऱ्यांचे सरासरी 2,700, पिण्याच्या पाण्याचे जार 500, आहेर-पाहुणे दीड हजार. हे झाले साडेआठ हजार. पंधरातून साडेआठ गेले, उरले साडेसहा. यात लपवाछपवी कुठेच नाही.

आता तुमच्या यजमानांचा हिशेब बघू. तो बहुधा असा असणार. भाडं साडेबारा हजार वाचलं, पगार आठ हजार गेला, म्हणजे साडेचार हजार वर उरायला हवेत, मग ते जातात कुठे? हिशेब सरळ दिसतो, पण त्यात तुमचे चौदा हजार धरलेलेच नाहीत. आणि तुमच्याही तक्त्यात ते नाहीत. पत्राच्या शेवटाकडे एका वाक्यात येतात, तेही 'तो भाग वेगळा' असं म्हणून बाजूला सारलेले. पुण्यात दोघांचे मिळून 92 हजार यायचे, 64 हजार जायचे, 28 हजार उरायचे. इथे 70 हजार येतात, साडेसत्तावन्न जातात, साडेबारा उरतात. शिल्लक साडेपंधरा हजारांनी घटली, आणि त्यातले चौदा हजार तुमच्या बंद झालेल्या पगाराचे आहेत. ते आज येत असते तर पुणे आणि जळगावच्या शिलकीत फक्त दीड हजाराचा फरक राहिला असता. स्कूटीचा हप्ता फिटला की तोही उलटून जळगावच्या बाजूने गेला असता. मेथीची जुडी दहाला मिळाली की वीसला, यावरून घरात जो वाद चाललाय, त्याचा या साडेपंधरा हजारांशी जवळजवळ काही संबंध नाही. 'तो भाग वेगळा' असं तुम्ही लिहिलंत. ताई, सगळा भाग तोच आहे.

तरी किराणा-भाजीबद्दल विचारलंत, तर तिथेही थोडं थांबू, कारण बाहेरून इथे येणारं प्रत्येक घर हाच प्रश्न विचारतं.

गाव बदललं म्हणून सगळ्याच वस्तूंचे भाव बदलत नाहीत. साबण, चहापत्ती, टूथपेस्ट, बिस्किटं यांच्या पुड्यावर छापलेली किंमत पुण्यात तीच आणि जळगावच्या पिंप्राळ्यात तीच. मोबाइलचं रिचार्ज तेच, विम्याचा हप्ता तोच. विजेचा दरसुद्धा तोच, कारण पुण्यालाही महावितरण आणि जळगावलाही महावितरण. सरकारही हे ओळखून आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याची पुण्याहून जळगावला बदली झाली तर महागाई भत्ता एक पैशानेही कमी होत नाही. बदलतो तो घरभाडे भत्ता. पुणे एक्स वर्गात, तिथे मूळ पगाराच्या 30 टक्के. नाशिक वाय वर्गात, तिथे 20. जळगाव झेड वर्गात, इथे 10. छोट्या गावात भाडं स्वस्त असतं एवढंच सरकारने मानलंय. बाकी सगळंच स्वस्त असतं हे आपल्या नातेवाइकांनी मानलंय.

(इंटरनेटवर दोन शहरांची तुलना करून टक्केवारी देणारी कोष्टकं असतात, त्यांच्यावरही फार विसंबू नका. आपल्यासारख्या शहराचे आकडे त्यात मोजक्या लोकांनी भरलेले असतात. वर्तमानपत्रातला महागाई निर्देशांकही या कामाचा नाही. तो त्याच जागेच्या जुन्या भावाशी आजचा भाव ताडतो. पुणे महाग की जळगाव, हे त्यातून कळत नाही.)

तुमच्या साडेचौदा हजारांतला बराच भाग असा छापील किमतीचा आहे. पाच किलोच्या पिशवीतलं तयार पीठ, पाकिटातली डाळ, ओट्स, मश्रूम, ब्रोकोली. वस्तू पुण्याच्या राहिल्या तर बेरीजही पुण्याचीच येणार. ब्रोकोली खाऊ नका असं मी म्हणत नाही. पण ती जळगावात स्वस्त का नाही, हा प्रश्न मात्र विचारू नका.

केळीचंही तेच. रावेर, यावल, चोपडा भागातली केळी म्हणजे जिल्ह्याची शान. 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं, केळीला आणि भरताच्या वांग्यालाही. पण त्यातला चांगला माल पेट्यांत भरून उत्तरेला आणि आखातात जातो आणि इथला शेतकरी बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव विचारून घड कापतो. पिकतं तिथे स्वस्त मिळायला हवं हे आपल्याला वाटतं, व्यापाऱ्याला तसं वाटत नाही. वांग्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. थंडीत बामणोदची हिरवी वांगी बाजारात येतात, तेव्हा अख्खं घर पोटभर जेवेल एवढं भरीत थोडक्या पैशांत होतं. ज्यांच्याकडे काड्यांवर वांगी भाजण्याची सोय आहे त्यांच्याकडे बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. पण हीच वांगी मे महिन्यात शोधायला गेलात तर भावही कडू आणि वांगंही.

इथला स्वस्ताईचा हिशेब असा ऋतूवर चालतो. तुम्ही डिसेंबर ते मार्च एवढाच काळ बघितलात, म्हणजे भाजीपाल्याचे चांगले महिने. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महागते आणि दुपारपर्यंत टोपलीतच मान टाकते. म्हणून खान्देशातल्या बायका उन्हाळ्यात भाजीवाल्याकडे कमी आणि डब्यांकडे जास्त जातात. शेवभाजी, पाटवडीचा रस्सा, उडदाची डाळ, दाळगंडोरी, तोंडी लावायला बिबडे आणि कुरडया. बाहेरचे लोक याला खान्देशी चव म्हणून हॉटेलात पैसे मोजून खातात. घरात ती उन्हाळ्याची काटकसर आहे. फक्त तेल बेताने घाला, नाहीतर भाजीतले पैसे तर्रीत जातील.

खरी बचत धान्यात आहे आणि तुम्ही अगदी वेळेवर विचारलंत. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो, दादर येते. (दादर म्हणजे आपली तापीकाठची रब्बीची ज्वारी. साध्या ज्वारीपेक्षा महाग, पण भाकरी खाल्लीत की कारण विचारणार नाही.) तिघांच्या घराला वर्षाला दीड-एक क्विंटल गहू आणि चाळीस-पन्नास किलो दादर पुरते. दाणा बाजारात घ्या, नाहीतर शेजारणीच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून. आधी पाच किलो आणून पोळ्या करून बघा, मगच पोतं घ्या. उन्हात चांगलं वाळवा, कोठीत कडुनिंबाचा पाला घाला. डाळींसाठी जळगाव हे देशातलं मोठं ठिकाण आहे, एमआयडीसीत डाळ मिलच्या रांगा आहेत. आपण त्याच जळगावात राहून पाकिटातली डाळ घेतो याची मलाच लाज वाटते. मिरची नंदुरबारची घ्या, काळा मसाला घरी किंवा कांडप यंत्रावर करून घ्या. या सगळ्याला एकदम मोठी रक्कम लागते आणि तो महिना तक्त्यात भयंकर दिसतो. दिसू द्या. पुढचे अकरा महिने पिशवीतलं पीठ बंद होतं, हे त्याच तक्त्यात वर्षअखेरीस कळेल. म्हणूनच मी तुम्हाला महिन्याची तुलना सोडून वर्षाची करायला सांगतेय. पुण्याचा खर्च बारा महिने बऱ्यापैकी सपाट असतो. इथला नाही. इथे चैत्र-वैशाखात धान्य, वाळवण, आखाजीचा (म्हणजे अक्षय्य तृतीयेचा) आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, लग्नं, विजेचं बिल, सगळं एकाच वेळी दारात येतं.

विजेवरून एसीकडे येऊ. पुण्यातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, भुसावळ-जळगावचा अजून भेटायचाय. मेमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो. आणि तुम्ही वरच्या मजल्यावर गच्चीखाली राहता, म्हणजे स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती ऊब तुमच्या खोल्यांत सोडतो. मालकांनी कमी केलेले हजार रुपये हे त्याचेच आहेत आणि उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत ते बिलातून सव्याज वसूल होतील.

आकडे मांडून बघा. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालवला तर रोज दहा युनिटांच्या आसपास, महिन्याला तीनशे. मोठा कूलर बारा-तेरा तास चालवला तरी रोज अडीच युनिट, महिन्याला पंचाहत्तर. घराचा बाकीचा वापर सव्वाशे युनिट धरला तर कूलरने तुम्ही दोनशेवर थांबता, एसीने सव्वाचारशेवर जाता. महावितरणचे घरगुती टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे आहेत. पहिल्या शंभरापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास पडतो, तिसऱ्याचा त्याहून चढा. जास्तीच्या युनिटांनाच चढा दर लागतो हे खरं, पण वरून वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि 16 टक्के वीज शुल्क असतंच. इथली हवा कोरडी, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कूलर छान काम करतो. जूनमध्ये ढग दाटले आणि हवा दमट झाली की तो नुसता पंखा उरतो, ते दोन-तीन आठवडे सगळेच वैतागलेले असतात. तेव्हा यंदा कूलरच घ्या, गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलायच्या हे धरून. आणि मालकांना विचारून गच्चीवर चुन्याचे दोन हात मारा. त्याने खालच्या खोल्यांत जाणवण्याइतका फरक पडतो आणि खर्च एसीच्या एका महिन्याच्या बिलाहून कमी येतो.

कूलरला पाणी मात्र भरपूर लागतं, दिवसाला पन्नास लिटर सहज. आपल्या शहराला वाघूर धरणाचं पाणी आहे, पण नळ रोज येतोच असं नाही. मालकांकडे बोअर असेल तर ते पाणी कूलरला वापरा आणि नळाचं साठवा.

स्कूटीवरून तुमच्यात काय बोलणं झालं ते पत्रात नाही, पण अंदाज येतो. पुण्यात तुम्ही बसने फिरत होता. जळगावात शहर बसवर भिस्त ठेवता येत नाही आणि रिक्षावाला मीटरने येत नाही, तोंडाने भाव सांगतो. तेव्हा दुसरी गाडी ही चैन नाही. तिचा हप्ता मात्र जळगावच्या कायमच्या खर्चात लिहू नका. तो गाव बदलण्याचा एकदाचा खर्च आहे, हप्त्यांत वाटलेला. सामानाचा ट्रक, घराची अनामत, नवे पडदे यांच्या ओळीत तो टाका.

पुण्याच्या फेऱ्या तुम्ही कमी करा असं मी म्हणणार नाही. आईला भेटायला जाता, जा. पण प्रत्येक वेळी खासगी स्लीपर बसच कशाला? एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुम्ही आणि मुलगी दोघी अर्ध्यात जाता. तारीख आधी ठरत असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेसचं स्लीपर तिकीट काढा, तेही खिशाला जड नाही.

आहेर-पाहुण्यांचे दीड हजार वाचून मला हसू आलं, कारण अजून लग्नसराई लागायची आहे. इथे पत्रिका शेजारच्या गल्लीतूनही येते आणि न गेलं तर विचारणा होते. प्रत्येक लग्नाला साडी-टॉवेल-टोपी करत बसू नका. एक ठराविक रक्कम पाकिटात घालायची पद्धत पाडा आणि वहीत लिहून ठेवा. पण तक्ता न्यायाने करायचा तर दुसरी बाजूही लिहा. समोरच्या काकूंनी शेतातून आलेला हरभरा दिला, कुणी केळीची फणी ठेवून गेलं, संक्रांतीला कुणी तीळ दिले. हा जो वानोळा घरात येतो त्याला तुमच्या तक्त्यात रकाना नाही. पुण्यात तो रकाना लागतच नव्हता. महिनाभर फक्त लिहून बघा.

आणखी एक, पटकन. तुमच्या आरोग्य विम्याच्या कंपनीला पत्ता बदलल्याचं कळवा. काही कंपन्या शहरांचे विभाग पाडतात आणि लहान शहराला हप्ता कमी लावतात. पण हप्ता कमी करून घेण्याआधी हे विचारा की उद्या उपचार पुण्या-मुंबईत घेतले तर बिलातला काही टक्का तुम्हाला भरावा लागेल का. मोठं दुखणं आलं की आपण तिकडेच धावतो, त्यामुळे ती अट असेल तर जुना हप्ताच बरा.

राहिली चौदा हजारांची ओळ. आज रात्री तक्त्यात वर 'जमा' असा भाग काढा आणि त्यात दोघांचे आकडे लिहा, तुमच्या नावापुढे पुण्यात 14,000 आणि जळगावात 0. मग वही यजमानांसमोर ठेवा. वाद घालू नका, बेरीज त्यांनाच करू द्या. प्लांट सांभाळणाऱ्या माणसाला एवढी बेरीज समजते. बदली स्वीकारताना त्यांनी कंपनीशी एका पगाराचं बोलणं केलं, प्रत्यक्षात घराचे दोन पगार बदलले. पुढच्या पगारवाढीच्या वेळी त्यांनी हे कंपनीत सांगावं. शहर भत्ता काढताना भाडं स्वस्त हे कारण धरलं असेल, तर तुमचं काम सुटलं आणि दुसरी गाडी लागली हेही त्याच बैठकीत सांगता येतं. मिळेल न मिळेल, मागायला काय जातं?

आणि तुम्ही शाळांना अर्ज कधी करताय? बालवाड्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि शिक्षिकांची निवड एप्रिल-मेमध्येच होते, म्हणजे आताच. पुण्याचा अनुभव आहे, प्रमाणपत्रं आहेत, ती फाइल घेऊन महाबळ, रामानंद नगर, गणेश कॉलनीतल्या शाळांत स्वतः जाऊन या. इथे फोन आणि ईमेलपेक्षा समोर बसलेल्या माणसाला लवकर उत्तर मिळतं. पगार पुण्याइतका सांगणार नाहीत. आठ-नऊ हजार म्हणाले तरी घराजवळची शाळा आणि मुलीच्या वेळा जुळत असतील तर विचार करा. नाही जमलं तर संध्याकाळी घरीच पहिली-दुसरीच्या मुलांची शिकवणी सुरू करा. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत मेमध्ये कुणी मूल टिकणार नाही, तेव्हा जूनपासून.

गहू मात्र आखाजीच्या आत भरून घ्या.